टर्बोची जुनी तहान

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची मोटार विकायला काढली. टर्बोचार्जर बसवून सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकलेल्या जगातल्या पहिल्या दोन गाड्यांपैकी ही एक. दुसरी शेव्हरोलेची कोर्वेअर, तीही त्याच वर्षीची. जेटफायरच्या बॉनेटखाली पेट्रोलशी संबंध नसलेली एक वेगळी छोटी टाकी होती. तिच्यात ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ भरावं लागे : अर्धं डिस्टिल्ड वॉटर, अर्धं मिथेनॉल आणि गंज धरू नये म्हणून थोडं रसायन. टर्बो जोरात फिरू लागला की हे मिश्रण इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारलं जाई. टाकी रिकामी झाली तर गाडी स्वतःहून टर्बोचा दाब कमी करी. मालक ती टाकी भरायला विसरत. टर्बोचं सुख मिळेना, तक्रारी वाढल्या, आणि दोनच वर्षांत, दहा हजारांचा आकडाही न गाठता, ही गाडी बंद झाली.

आज सोलापुरात कुठल्याही पंपावर टर्बो गाडीत पेट्रोल भरताना ‘ह्यात इथेनॉल मिसळलंय, इंजिनाची वाट लागणार’ हे वाक्य ऐकू येतं. हे इथेनॉल शेजारच्या माळशिरस, माढा, पंढरपूर तालुक्यांतल्या उसाचंही असू शकतं, तरी त्याच्याकडे भेसळ म्हणूनच पाहिलं जातं. मिथेनॉल हा इथेनॉलचा चुलतभाऊ, आणि मोटारीतल्या टर्बोने जन्मतःच त्याचा हात धरलेला होता. ही कुळकथा नीट मांडली तर तक्रारीतला खरा भाग कोणता आणि भीतीचा भाग कोणता, हे वेगळं करता येईल.

टर्बोचार्जरचं पेटंट १९०५ चं, स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांचं. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही त्यांची कल्पना. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद. डिझेलमध्ये हे लवकर जमलं. पेट्रोलमध्ये अडलं, कारण हवा दाबली की ती तापते, आणि तापलेल्या दाट हवेत पेट्रोलचं मिश्रण स्पार्कच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात स्वतःच भडकतं. गॅरेजमधले मिस्त्री ह्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. कानाला बारीक टकटक ऐकू येते, आत मात्र पिस्टनवर घणाचे घाव बसत असतात. इंधन हा घाव किती टाळू शकतं, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं.

अल्कोहोल ह्या घावावर उतारा आहे, हे पहिल्या महायुद्धानंतर हॅरी रिकार्डो यांच्या इंग्लंडमधल्या प्रयोगांतून स्पष्ट झालं होतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनाही ते माहीत होतं. पण डिसेंबर १९२१ मध्ये मिजलींना टेट्राएथिल लेड हा शिशाचा पदार्थ सापडला. गॅलनमागे काही थेंब पुरत. अल्कोहोल मात्र दहा-वीस टक्के घालावं लागे, आणि त्याच्यावर कुणाची मक्तेदारी शक्य नव्हती. १९२३ पासून शिसं घातलेलं पेट्रोल विकलं जाऊ लागलं आणि त्यानंतरची सात-आठ दशकं जगभर पोरांच्या रक्तात शिसं जात राहिलं. इंधनाच्या इतिहासातला हा निर्णय मला सगळ्यात क्लेशदायक वाटतो, कारण पर्याय समोर उभा होता. भारतात शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते थेट १ फेब्रुवारी २००० रोजी.

आता उसाची बाजू. भाटघरचं धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं आणि नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरसच्या माळरानाकडे आलं. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं. तेव्हा देशात तीसच्या आसपास साखर कारखाने होते, दोन-तीन वर्षांत ते शंभराच्या पुढे गेले. त्या लाटेत अकलूजजवळ सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी स्वतःच्या भांडवलावर माळीनगरचा कारखाना उभा केला. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढून श्रीपूरला कारखाना घातला. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे इंदापूर तालुक्यात कळंब गावाजवळ वालचंदनगर वसलं. त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. ह्याच वालचंदांनी १९४४ मध्ये कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मोटार आणि ऊस हे दोन्ही धंदे एका सोलापूरकराच्या हिशेबाच्या वह्यांत असे शेजारी शेजारी बसले होते. आपल्या कुळकथेचे दोन्ही मूळपुरुष इथलेच आहेत असं म्हणायचा मोह मला आवरत नाही.

साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. टनभर उसातून साधारण चाळीस किलो. त्या काळी तिचं करायचं काय, हा कारखान्यांपुढचा प्रश्नच होता. यीस्ट घालून आंबवली की तिचं अल्कोहोल होतं, हे तर जुनंच ज्ञान. १९४८ मध्ये केंद्राने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ केला, पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठीच. म्हणजे स्वातंत्र्यानंतर वर्षभरात कायदा तयार होता. पण पुढे तेल स्वस्त झालं, शिसंही स्वस्त, आणि मळीवर नियंत्रण आलं. अल्कोहोल रसायनांकडे आणि दारूकडे गेलं. पॉवर अल्कोहोलचा तो कायदा २००० साली रद्दच झाला, शिसं बंद झालं त्याच वर्षी.

ब्राझीलने तोवर उलटी वाट धरली होती. तिथे १९३१ पासून आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल सक्तीचं होतं. तेलसंकटानंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी ‘प्रोआल्कोल’ योजना आणली, १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली आणि २००३ मध्ये कोणत्याही प्रमाणात चालणारी फोक्सवॅगन गोल.

आपल्याकडे पुन्हा सुरुवात झाली ती सोलापूरच्या शेजारी. २००१ मध्ये केंद्राने पाच टक्के मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यांतले दोन महाराष्ट्रात : मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. पेट्रोलियम मंत्री होते राम नाईक, शाळा आटपाडीत शिकलेले, म्हणजे सांगोल्याच्या वेशीपलीकडचे. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. लगेच दुष्काळ पडला, मळी कमी पडली, योजना लंगडली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. खरा बदल २०१८ च्या जैवइंधन धोरणाने झाला. बी हेवी मळी, म्हणजे थोडी साखर मुद्दाम आत ठेवलेली मळी, आणि थेट उसाचा रसही इथेनॉलला वापरायला परवानगी मिळाली. शेवटच्या सी हेवी मळीतून टनभर उसामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं, सगळा रस वापरला तर सुमारे सत्तर लिटर. कारखान्यांनी आसवन्या वाढवल्या. पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे साध्या ऊर्ध्वपातनाने पाणी वेगळं होत नाही, म्हणून उरलेलं पाणी शोषून घेणारे मॉलिक्युलर सीव्हचे उंच स्तंभ बसवले. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ मध्ये ते देशभर पोचलं.

टर्बो पेट्रोल गाड्या आपल्याकडे ह्याच वर्षांत वाढल्या, आणि त्यांतल्या काही महाराष्ट्रातच बनत होत्या. २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस औरंगाबादची, २०१० ची लिनिया टी-जेट रांजणगावची, २०१३ ची पोलो जीटी टीएसआय चाकणची. मग चार मीटरच्या आतली गाडी आणि बाराशे सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन ह्यांना करात सवलत असल्याने लहान टर्बो इंजिनं सरसकट दिसू लागली. अशा रीतीने उसाचं आणि टर्बोचं, दोन्ही कुळं एकाच टाकीत आली.

तिथे काय घडतं, ते सोलापूरच्या मे महिन्यात चांगलं समजतं. बाहेर ४३ अंश. टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्या वर तापते. तिला गार करायला पुढे इंटरकूलर असतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. अशा वेळी नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्पार्क उशिरा टाकतो, दाब कमी करतो, आणि तुळजापूरच्या घाटात गाडीचा पिकअप गेल्यासारखा वाटतो. इथेनॉलचा उपयोग इथे आहे. त्याचा ऑक्टेन १०८ च्या पुढे. आपलं साधं पेट्रोल ९१ चं होतं, वीस टक्के इथेनॉलनंतर ते ९५ धरलं जातं. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, आणि तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा, इथेनॉलला फक्त ९. दोन्ही मिळून निव्वळ इथेनॉल हवेला पेट्रोलच्या जवळजवळ चौपट गारवा देतं. वीस टक्क्यांच्या मिश्रणात हा गारवा साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब येतो. ज्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, तिथे त्याचा सगळ्यात जास्त फायदा. जेटफायरच्या छोट्या टाकीचं काम आता मोठ्या टाकीतूनच होतं.

हा फायदा किती मोठा असू शकतो, ते २००५ मध्ये स्वीडनच्या साबने दाखवलं. त्यांच्या ९-५ बायोपॉवर गाडीचं दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती देई. तेच इंजिन पंच्याऐंशी टक्के इथेनॉलवर १८०. इंधन ओळखून ईसीयू दाब आणि स्पार्क बदले, एवढंच. स्वीडनची अडचण होती थंडी, कारण गारठ्यात इथेनॉलची वाफ होत नाही आणि गाडी सुरू होत नाही. सोलापूरला ती अडचण कधी येणारच नाही.

मग पंपावरच्या गाडीमालकाची तक्रार खोटी का? नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात लिटरची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट नमूद आहे. ॲव्हरेज कमी होतं, हे सरळ सांगायला हवं, आणि ती तूट ग्राहकाच्या बिलात भरून निघायला हवी. ऑक्टेन वाढला तरी त्याचा लाभ घेणारं इंजिन नसेल तर तो वाया जातो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील वीस टक्के सोसतील असे केले गेले, एप्रिल २०२५ पासून इंजिनाचं ट्यूनिंगही त्यासाठी. ह्या दोन तारखांमधल्या गाड्या मिश्रण सोसतात, पण त्याचा उपयोग करून घेत नाहीत. बरीच कुरकुर ह्या फरकातून येते.

काही तरुण स्वतःच जास्त इथेनॉल मिसळून टर्बो गाडी ‘स्टेज टू’, म्हणजे जास्त ताकदीची, करायच्या खटपटीत असतात. त्यांना कळकळीने सांगतो, हे करू नका. पंच्याऐंशी टक्क्यांचं मिश्रण वापरलं तर पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त इंधन लागतं. मूळचे इंजेक्टर आणि पंप तेवढं देऊ शकत नाहीत. ईसीयूची दुरुस्तीची मर्यादा संपते, ऐन दाबात मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळतो. बाहेरून मिळवलेल्या स्पिरिटात पाणी किती आहे हे कळत नाही आणि ते बाळगणं उत्पादन शुल्काच्या कायद्यात बसत नाही. ह्या कामाला इंधनातलं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि कंपनीने केलेलं ट्यूनिंगच हवं.

सोलापूरकर म्हणून मला ॲव्हरेजपेक्षा पाण्याचा प्रश्न जास्त सतावतो. त्याच नीती आयोगाच्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. उजनी धरण भरलं की जिल्ह्यात ऊस वाढतो, ते आटलं की प्यायच्या पाण्याचे टँकर. डिसेंबर २०२३ मध्ये कमी पावसामुळे केंद्राला उसाच्या रसाचं इथेनॉल अचानक रोखावं लागलं आणि कर्ज काढून आसवनी बांधलेले कारखाने अडचणीत आले. माझं मत असं की आपल्या जिल्ह्याने मळीच्या इथेनॉलवर थांबावं, थेट रसाकडे जाऊ नये. आणि इतकं पाणी खर्चून निघालेला हा लिटर पेट्रोलची जागा भरायला म्हणून वापरू नये, जिथे तो पेट्रोलहून सरस आहे तिथे जाळावा. ती जागा लहान टर्बो इंजिनाची. पुण्यात जून २०२१ मध्ये जवळजवळ निव्वळ इथेनॉलचे तीन पंप प्रयोगासाठी सुरू झाले, मार्च २०२४ मध्ये असे पंप महाराष्ट्रासह पाच राज्यांत गेले. त्यांच्यासमोर रांग लावायला गाड्या हव्यात : कॉम्प्रेशन वाढवलेल्या, इंधन ओळखणाऱ्या, चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात बनवता येतील अशा. साबने वीस वर्षांपूर्वी केलेलं काम इथल्या अभियंत्यांना अवघड नाही. ते काम त्यांना कुणीतरी सांगायला हवं.