मुलांच्या हॉस्टेलला स्प्रिंकलर आहे का? खोली घेण्याआधी पालकांनी काय पाहावे

दहावी-बारावीचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यातली, म्हणजे उमरगा, परंडा, कळंब, तुळजापूरकडची मुलं-मुली लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुण्याला शिकायला जातात. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळेलच असं नाही. मग खासगी हॉस्टेल, पीजी किंवा चार-पाच मुलांनी मिळून घेतलेला फ्लॅट. खोली बघताना आपण भाडं विचारतो, मेसमध्ये हलाल मिळतं का विचारतो, मस्जिद किती लांब आहे तेही विचारतो. पण आग लागली तर मूल बाहेर कसं येणार, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आगीआधी धूर मारतो

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्याच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातले ७ जण दगावले. पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती, ते धुराने गुदमरले. खाली दुकान, वर खोल्या आणि मध्ये एकच जिना अशी रचना असलेली हॉस्टेलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. १२ सप्टेंबर २०२४ ला तमिळनाडूत मदुराईच्या एका महिला हॉस्टेलात फ्रिजमुळे आग लागून २ महिलांचा जीव गेला. सुरतमध्ये २४ मे २०१९ ला कोचिंग क्लासच्या आगीत २२ विद्यार्थी गेले.

स्प्रिंकलर कसा काम करतो

छतातल्या पाईपला ठराविक अंतरावर तोट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक तोटीत काचेची बारीक नळी असते. लाल रंगाची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुरू होतं. सिनेमात दाखवतात तशा सगळ्या तोट्या एकदम उघडत नाहीत. जिथे उष्णता पोचते तिथलीच उघडते. आग लहान असतानाच दाबली जाते, धूर कमी होतो आणि मुलांना निघायला वेळ मिळतो.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात १९ जानेवारी २००० ला आग लागून ३ विद्यार्थी मरण पावले. तिथे स्प्रिंकलर नव्हते. खोटे अलार्म वारंवार वाजत असल्याने त्या रात्री अनेकांनी अलार्मकडे लक्षच दिलं नाही. त्याच वर्षी त्या राज्याने वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले.

आपल्याकडे नियम काय

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा लागू आहे. यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यावं लागतं.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराईज’ धरली जाते. म्हणजे साधारण पाच मजल्यांच्या आसपास. मात्र प्रत्येक उंच इमारतीला प्रत्येक मजल्यावर स्प्रिंकलर लागतोच असं नाही. उंची, क्षेत्रफळ आणि वापर पाहून ते ठरतं आणि अग्निशमन विभागाच्या ना-हरकत पत्रात लिहिलेलं असतं. म्हणून तोंडी उत्तरावर न जाता ते पत्र बघावं. इमारत कुटुंबांच्या फ्लॅटसाठी मंजूर झाली आणि आता तिथे एकेका फ्लॅटमध्ये दहा-दहा खाटा टाकल्या असतील, तर परवानगी कशासाठी घेतली होती हे जरूर विचारा.

दोन-तीन मजली हॉस्टेलात बहुधा स्प्रिंकलर नसतोच. तिथे जिना, दुसरी वाट आणि धुराचा अलार्म यांवरच सगळं अवलंबून असतं.

खोली बघायला जाल तेव्हा

• शेवटचा ‘फॉर्म बी’ आणि ना-हरकत पत्र दाखवायला सांगा.
• जिना मोकळा आहे का? जिन्याखाली गॅस सिलिंडर, भंगार किंवा चार्जिंगला लावलेली ई-बाईक नको.
• बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? गच्चीचं दार आणि रात्रीचं गेट कुलूपबंद असेल तर किल्ली कुणाकडे असते? मुलींच्या हॉस्टेलात हे आधी विचारा.
• सगळ्या खिडक्यांना पक्के गज आहेत का? निदान एक तरी आतून उघडता यायला हवी.
• अग्निशामक सिलिंडरवरची तारीख आणि काट्याची जागा बघा. काटा हिरव्या पट्ट्यात हवा.
• स्प्रिंकलर असेल तर तोटीवर रंग लागलेला नको, तिला कपडे टांगलेले नकोत, खाली दीड फूट जागा मोकळी हवी.

मुलांनाही सांगून ठेवा: अलार्म वाजला की सामान न घेता निघायचं, लिफ्ट वापरायची नाही, धुरात वाकून चालायचं. जिन्यात धूर भरला असेल तर दार लावून फटीत ओला कपडा कोंबायचा, खिडकीत यायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

मालक कागद दाखवत नसेल तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकारातही विचारता येतं. धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार या विभागाला आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. समाजातल्या अनेक संस्था आणि मदरसे स्वतःची वसतिगृहं चालवतात. नियम त्यांनाही तोच आहे. सवाबच्या कामात मुलांच्या जिवाची हिफाजत पहिली येते. जुलैचा ‘फॉर्म बी’ भरला का, हे कमिटीच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारा.