डोक्यांतील रक्त आणि एक साधी नळी

पिंपळनेरसारख्या गांवांत एखादे वृद्ध गृहस्थ ओट्यावरून घसरतात, डोक्याला थोडासा मार बसतो आणि घरचीं माणसें ती गोष्ट विसरूनही जातात. महिना-दीड महिन्यानें त्यांना सदा झोंप येऊं लागते, जीभ अडखळते, चालतांना एक पाय ओढला जातो. "वय झालें," असें सर्वजण म्हणतात. वस्तुतः मेंदू आणि त्याचें बाहेरचें आवरण यांच्या दरम्यान रक्त सांचत असतें.

१८५७ सालीं रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पंडितानें हा आवरणाचा दाह होय असें प्रतिपादिलें. लंडनच्या विल्फ्रेड ट्रॉटरनें १९१४ मध्यें त्याचें मूळ इजेंत दाखविलें. म्हातारपणीं मेंदू आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेंही तुटतात. तथापि फिर्खोचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें; कारण सांचलेल्या रक्ताभोंवतीं एक पापुद्रा धरतो व त्यांतील कोंवळ्या रक्तवाहिन्या पुन्हां पुन्हां झिरपत राहतात.

तेव्हां पापुद्राच खरवडून काढावा, या विचारानें शस्त्रवैद्य कवटीचा मोठा तुकडा उचलीत. वृद्ध शरीराला एवढा घाव कसा झेपावा? १९६४ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या स्विएन व गेलेटी यांनीं लहान छिद्रांनींच काम अधिक चांगलें होतें असें दाखविलें. तरी रक्त परत येईच. शेवटीं केंब्रिज येथें २१५ रोग्यांवर प्रयोग झाला. छिद्रांतून रक्त काढल्यावर निम्म्या रोग्यांच्या डोक्यांत एक मऊ नळी दोन दिवस राहूं दिली. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: नळीवांचून शंभरांत २४ जणांत रक्त पुन्हां सांचलें, नळी असतां ९ जणांत, सहा महिन्यांतील मृत्यूही निम्म्याहून कमी. इतक्या साध्या गोष्टीला इतकीं वर्षें लागावींत, याचें नवल वाटतें.

केवळ रक्त परत न येणें म्हणजे बरें होणें नव्हे, हेंही २०२० मध्यें इंग्लंडांत कळलें. डेक्सामेथासोन दिल्यानें दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया कमी लागल्या, पण सहा महिन्यांनीं रोग्यांची प्रकृति मात्र एकंदरींत अधिक वाईट होती. २०२४ च्या अमेरिकन प्रयोगांत शस्त्रक्रियेच्या जोडीला पापुद्र्यास रक्त पुरविणारी धमनीच बंद केली, तेव्हां तीन महिन्यांत पुन्हां शस्त्रक्रिया लागणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत ११ वरून ४ वर आलें. त्यांतही पक्षाघाताचा थोडा धोका आहेच, आणि त्याला लागणारीं यंत्रें व हात मोठ्या शहरांतले.

पिंपळनेरचा रोगी साक्रीवरून धुळ्याकडे न्यावयाचा तो बहुधा छिद्रें आणि नळी यांच्या भरंवशावर. पण तत्पूर्वीं घरांतल्या कुणाला तरी ती दीड महिन्यापूर्वींची घसरण आठवावी लागते.