मालेगावचा ताप कुठल्या वाटेने आला?

२००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात दोन हजारांहून अधिक लोक चिकुनगुन्याने आजारी पडल्याची नोंद आहे. ताप काही दिवसांत उतरतो, पण सांधे आठवडेच्या आठवडे धरलेले राहतात. दिवसभर मागावर उभं राहून पोट भरणाऱ्या यंत्रमागाच्या गावाला तापापेक्षा हे दुखणंच जड जाणार. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या याच रोगाने अंथरुणाला खिळली होती. साथ तिथूनच आली, असं वाटणं स्वाभाविक होतं. माझ्या मते हा तर्क विषाणूच्या जनुकांपुढे टिकत नाही.

आधी वेगळी शंका निकालात काढायला हवी: जुनाच रोग पुन्हा उसळला नसेल कशावरून? कोलकात्यात १९६३ मध्ये, नागपुरात १९६५ मध्ये, बार्शीत १९७३ मध्ये साथी येऊन गेल्या आणि मग तीस वर्षं सामसूम होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत बार्शीचा विषाणू जपून ठेवलेला होता, म्हणून ही शंका फिटली; गोठवलेली कुपी कधी कधी सरकारी दप्तरापेक्षा जास्त बोलते. या विषाणूचा जनुकसंच सुमारे ११,८०० अक्षरांचा. नक्कल होताना त्यात चुका होतात, त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात, आणि कोणाच्या चुका कोणाशी जुळतात यावरून घराणं ओळखता येतं. कोलकाता आणि बार्शीचे विषाणू आशियाई घराण्याचे निघाले, २००६ चे आफ्रिकी.

मग रीयुनियन का नको? तिथल्या साथीत विषाणूच्या ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी एक बदल झाला आणि रोग पसरवणाऱ्या एडिस अल्बोपिक्टस डासात वाढणं त्याला सोपं गेलं. भारतातल्या २००६ च्या नमुन्यांत तो बदल नव्हता. यावर कोणी म्हणेल, बदल होण्याआधीच विषाणू तिथून निघाला असेल. आक्षेप रास्त आहे, कारण एका अक्षरावर विसंबणं धोक्याचंच: तोच बदल २००७ मध्ये केरळात स्वतंत्रपणे उपजला. पण २०१० मध्ये पूर्ण जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा बेटांवरचा आणि भारतातला विषाणू पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वेगवेगळ्या निघालेल्या दोन शाखा ठरल्या. रीयुनियन मालेगावचं चुलत घर झालं, माहेर नव्हे.

राहिली एक जुनी नोंद: यवतची. पुणे जिल्ह्यातल्या या गावी २००० साली पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांत आफ्रिकी घराण्याचाच विषाणू सापडला होता, तरी तेव्हा राज्यभर साथ पसरली नाही. म्हणजे विषाणू येणं आणि साथ येणं या दोन घटना आहेत. जनुकं पहिलीचा माग काढतात. दुसरीसाठी डास पोसणारी पाण्याची पिंपं, उघड्या टाक्या आणि हा रोग कधीच न पाहिलेली तिशीच्या आतली अख्खी पिढी यांच्याकडे वळावं लागतं.