इस्रायलमधल्या धार्मिक व खासगी शाळा : शिक्षकाला कोणती पात्रता लागते?

आपल्या घरातली नातवंडं आता निरनिराळ्या शाळांत जातात. एकाच कुटुंबात एक नातू ममलाख्तीत, दुसरा ममलाख्ती-दतीत आणि तिसरा एखाद्या तालमूद तोरात, असं लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेर-शेवा इथल्या आपल्या बांधवांच्या घरी सर्रास दिसतं. मग प्रश्न येतो, तिथे शिकवणाऱ्या शिक्षकाने रीतसर शिक्षण घेतलंय का? आणि नात म्हणाली की मला मोरा व्हायचंय, तर तिने कोणत्या वाटेने जावं? ही माहिती त्यासाठी एकत्र दिली आहे.

शाळांचे प्रकार

आधी शाळा कोणत्या प्रकारची आहे हे बघावं लागतं, कारण शिक्षकाची पात्रता त्यावर ठरते.

१) सरकारी शाळा. १९५३ च्या राज्य शिक्षण कायद्याने यात दोन शाखा झाल्या. एक ममलाख्ती म्हणजे सर्वसाधारण, दुसरी ममलाख्ती-दती म्हणजे धार्मिक. दोन्हींचा खर्च सरकार करतं. तेव्हा ममलाख्ती-दती शाळा धार्मिक असली तरी ती खासगी नाही, हे लक्षात ठेवा. पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो.

२) मान्यताप्राप्त पण बिनसरकारी शाळा. हिब्रूत यांना ‘मुकार शेएनो रिश्मी’ म्हणतात. हरेदींचं हिनुख आत्स्माई आणि शास पक्षाचं मआयान हाहिनुख हातोरानी ही दोन मोठी जाळी यात येतात. नाझरेथ, हैफा इथल्या चर्चच्या शाळाही याच प्रकारात मोडतात.

३) ‘प्तोर’ संस्था. सक्तीच्या शिक्षणाच्या १९४९ च्या कायद्यातून इथल्या मुलांच्या पालकांना सूट दिलेली असते. अनेक तालमूद तोरा या गटात आहेत.

सरकारी मदतही या क्रमानेच कमी होते. साधारण नियम असा, की दुसऱ्या प्रकारच्या शाळेने मूळ अभ्यासक्रमाचा ७५ टक्के भाग शिकवावा व तेवढी मदत घ्यावी; प्तोर संस्थेसाठी हेच प्रमाण ५५ टक्के आहे. वर सांगितलेल्या दोन हरेदी जाळ्यांना मात्र अर्थसंकल्पाच्या कायद्यात वेगळी, जास्त मदतीची तरतूद आहे. मदत जितकी कमी तितकी मिसराद हाहिनुखची म्हणजे शिक्षण खात्याची देखरेख सैल, असा ढोबळ हिशेब समजा.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाची पात्रता

ममलाख्ती असो की ममलाख्ती-दती, व्यावसायिक अटी सारख्याच आहेत. तीन पायऱ्या आहेत :

पहिली, पदवी. शिक्षकांच्या मिख्लालात, म्हणजे अध्यापक महाविद्यालयात, चार वर्षांची बी.एड.; किंवा विद्यापीठाची पदवी घेऊन मग शिकवण्याचा वेगळा अभ्यासक्रम.

दुसरी, तेउदात होराआ म्हणजे शिकवण्याचं प्रमाणपत्र. ते विशिष्ट विषयासाठी आणि विशिष्ट वयोगटासाठी असतं. बालवाडीचं प्रमाणपत्र असलेली गनेनेत दहावीला गणित शिकवायला पात्र ठरत नाही.

तिसरी, स्टाज. शाळेत प्रत्यक्ष शिकवत एक वर्ष उमेदवारी. सोबत एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शनाला असतो, कार्यशाळा असते, शेवटी मूल्यमापन होतं. त्यात उत्तीर्ण झालं की शिक्षकाचा परवाना, रिशायोन, मिळतो.

ममलाख्ती-दतीत याशिवाय आणखी एक बाब आहे. १९५३ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे धार्मिक शिक्षणाची परिषद केवळ धार्मिक कारणावरून एखाद्याला मुख्याध्यापक, निरीक्षक किंवा शिक्षक म्हणून अपात्र ठरवू शकते. म्हणजे कागद सगळे बरोबर असले तरी घरातलं धार्मिक आचरणही पाहिलं जाऊ शकतं. नातीला अशा शाळेत शिकवायचं असेल तर तिला हे आधीच माहीत असलेलं बरं.

हरेदी व खासगी शाळांत

इथे चित्र वेगळं आहे. १९६९ च्या शाळा देखरेख कायद्याप्रमाणे बिनसरकारी शाळेला चालवण्याचा परवाना लागतो आणि शिक्षक नेमायला खात्याची मंजुरी लागते. पण पदवीची अट सरकारी शाळेइतकी सरसकट लावली जात नाही.

मुलींच्या हरेदी शाळांतल्या शिक्षिका बहुधा सेमिनारमधून आलेल्या असतात. बारावीनंतर आणखी दोन वर्षं, म्हणजे तेरावी-चौदावी, तिथे अध्यापनाचं शिक्षण मिळतं. त्यांना मिळणारा दर्जा विद्यापीठाच्या पदवीचा नव्हे, पण शिकवण्याची तयारी मात्र पद्धतशीर करून घेतात. मुलांच्या तालमूद तोरात शिकवणारा मेलामेद बहुतेक वेळा येशिवा आणि कोलेलमधून आलेला असतो. त्याची तोरा-गेमाराची बैठक पक्की असते. गणित किंवा इंग्रजी शिकवण्याचं शिक्षण त्याने घेतलेलंच असेल असं नाही. यात मेलामेदचा अपमान नाही. बगरुतच्या वेळी मुलाला कशाची उणीव भासेल, ते पालकांनी आधी ओळखावं एवढंच.

एक नियम मात्र सगळ्यांना सारखा. लहान मुलांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाकडे लैंगिक गुन्ह्यात दोषी नसल्याचा पोलिसांचा दाखला हवाच. हा कायदा २००१ चा आहे. शाळा सरकारी असो, खासगी असो, कितीही धार्मिक असो, यातून सूट नाही. हा प्रश्न विचारायला भीड बाळगू नका.

भारतातलं बी.एड. इथे चालतं का?

भारतातून अल्या करून येणाऱ्या शिक्षकांसाठी हा महत्त्वाचा मुद्दा. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन मिसराद हाहिनुखचा परदेशी पदव्यांचा विभाग करतो. बी.ए. किंवा बी.एस्सी. करून मग बी.एड. केलं असेल तर अर्जाला आधार असतो. पण बारावीनंतरचं डी.एड. ही पदवी नव्हे, पदविका आहे. तेवढ्यावर पदवीचा दर्जा मिळेल असं धरून चालू नका. शिवाय हिब्रू चांगली यावी लागते. उलपान संपलं म्हणजे वर्गात उभं राहता येतं असं नाही.

कागदपत्रांची काळजी भारतातून निघण्याआधीच घ्या. पदवी आणि प्रत्येक वर्षाची मार्कशीट मूळ प्रतीत सोबत आणा. आपल्याकडे मार्कशीटवर मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि इथे तेउदात झेहूतवर आणखी तिसरंच नाव, असं होतं. ही सगळी माणसं एकच आहेत हे दाखवणारा विवाहाचा किंवा नावबदलाचा दाखला जपून ठेवा.

तिकडे भारतात काय आहे?

आपल्या समाजाची शाळा हाईम शमुवेल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. अशा अल्पसंख्याक समाजांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे. पण शिक्षक कसा असावा, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

२०१० पासून पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी ही पात्रता परीक्षा लागू झाली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून घेतली जाते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. मग १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, इतर शाळांतल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त नोकरी बाकी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं असा आदेश झाला. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. नातेवाईक तिकडे शिक्षक असतील तर त्यांना ही बाब विचारून घ्या.

शाळेत नाव घालताना विचारायचे प्रश्न

– शाळा वरच्या तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे? परवाना चालू आहे का?
– गणित, इंग्रजी, विज्ञान कोण शिकवतं? त्यांच्याकडे त्या विषयाची तेउदात होराआ आहे का?
– नवीन शिक्षक स्टाजवर असेल तर त्याचा मार्गदर्शक कोण?
– इथून मुलं पुढे बगरुतला बसतात का?
– पुरुष कर्मचाऱ्यांचे पोलीस दाखले शाळेकडे आहेत का?

चांगली शाळा या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर टाळलं तर मुलाच्या आई-वडिलांना सांगा आणि शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. निर्णय आई-वडिलांचाच, पण आजी-आजोबांनी विचारलेला एक प्रश्न पुष्कळदा वेळेवर उपयोगी पडतो.