आरोग्य विमा घेताय? मूळ पॉलिसीत काय मिळतं आणि रायडर कधी घ्यावा, समजून घ्या

ताथवडे : हिंजवडी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या घरात विचारलं तर 'आपला विमा आहे' असंच उत्तर मिळतं. पण कोणता विमा, किती रुपयांचा आणि त्यात काय बसत नाही, हे बिल हातात पडल्यावरच कळतं. एजंटने जादा रायडर सुचवला की घ्यावा की नाही, हाही प्रश्न असतो. त्याआधी पुढची माहिती वाचा.

आधी बघा, तुमच्याकडे काय आहे?

ईएसआय : पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर कामगार ईएसआयमध्ये येतो. ओव्हरटाइमचे पैसे या मर्यादेत धरत नाहीत. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १८ हजार पगारावर तुमचे १३५ आणि मालकाचे ५८५ रुपये. पती-पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांनाही उपचार मिळतात. आपल्या भागात चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना : १ जुलै २०२४ पासून सर्व रेशनकार्डधारकांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ही योजना फक्त तिच्या यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या आजारांवर चालते. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८.

७० वर्षांवरील आजी-आजोबा : आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार. उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १४५५५.

कंपनीचा गट विमा : नोकरी आहे तोवरच. नोकरी सुटली की संपतो. मात्र सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय मागता येते. ती वेळेत मागा.

३ लाखांची पॉलिसी, तरी खिशातून ५२ हजार!

अनेक पॉलिसींत खोलीभाड्याला मर्यादा असते, बहुतेक वेळा विमा रकमेच्या १ टक्का. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे. म्हणजे रोज ३ हजारांची खोली. तुम्ही ६ हजारांची घेतली आणि ४ दिवस राहिलात.

- खोलीभाडं २४ हजार : मिळतील १२ हजार
- डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग ८० हजार : मिळतील ४० हजार
- औषधं आणि तपासण्या ५० हजार : पूर्ण मिळतील

बिल झालं १ लाख ५४ हजार, कंपनी देणार १ लाख २ हजार. खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्चही निम्माच मंजूर झाला. म्हणून दाखल होतानाच विमा डेस्कवर विचारा, 'माझ्या पॉलिसीत कितीची खोली बसते?'

कोणता रायडर कशासाठी?

रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली जादा सोय. त्याचा हप्ता वेगळा.

- खोलीभाडं मर्यादा काढणारा : वरच्यासारखी कपात टळते. पॉलिसीत मर्यादा असेल तर हा आधी बघा.
- किरकोळ साहित्याचा : हातमोजे, पट्टे, नेब्युलायझर किट असा खर्च एरवी कंपनी देत नाही. लांबलेल्या आजारात ही रक्कम फुगते.
- जुन्या आजाराची प्रतीक्षा कमी करणारा : घरात शुगर, बीपी असेल तर उपयोगी.
- बाळंतपणाचा : यालाही प्रतीक्षा काळ असतो. दिवस गेल्यावर घेऊन उपयोग नाही.
- रोख भत्ता : दाखल असेपर्यंत रोज ठरलेली रक्कम. रोजंदारी बुडणाऱ्याला आधार.
- अपघात विमा : अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे. मशीनवर काम करणाऱ्याने, रोज दुचाकीवर हायवेने जाणाऱ्याने विचार करावा.

सगळे रायडर एकदम घेऊ नका. विमा रक्कमच कमी वाटत असेल तर सुपर टॉप-अप बघा. त्यात समजा ३ लाखांची वजावट असेल, तर वर्षभराच्या एकूण बिलातले पहिले ३ लाख तुमचे किंवा जुन्या पॉलिसीचे, त्यापुढचे टॉप-अपचे. साधा टॉप-अप मात्र प्रत्येक वेळी दाखल झाल्यावर ही वजावट नव्याने मोजतो.

फॉर्म भरताना लपवू नका

'शुगर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल' असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. लपवलेला आजार पुढे सापडला तर क्लेम नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरं लिहिलं तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं, नंतर तोही बसतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम मिळत नाही. म्हणजे आजारी पडल्यावर विमा घेऊन फायदा नाही.

हे नियम लक्षात ठेवा

- पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते.
- कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत.
- २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्के होता. पावती तपासा.
- कंपनी बदलायची तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

क्लेम नाकारला तर?

नाकारण्याचं कारण लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाची हेल्पलाइन १५५२५५.

आजच एक काम करा. पॉलिसीचा फोटो, ईएसआय नंबर आणि रेशनकार्ड घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. आजारी माणसालाच सगळं माहीत असतं आणि ऐन वेळी तोच बोलू शकत नाही.