तांड्यापुढचा बैल

 

डोक्यावर मोळी असली की बाईला मागं वळून बघता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मान सरळ ठेवावी लागते. मागून गाडीचा आवाज आला तर अंदाजानंच कडेला सरकायचं. कडेला नाली असते, बेशरमाची झुडपं असतात, पाय कुठं पडेल ते दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात तलावाच्या रस्त्यावर आम्ही चौघी अशाच एकामागं एक येत होतो. दिवस मावळायला आला होता. मागून पाहुण्यांची एक मोठी गाडी आली आणि इतक्या जवळून गेली की मोळीचं टोक तिच्या काचेला घासलं. मोळी फिरली, मी खाली बसले. लागलं काही नाही, पण रात्रभर झोप आली नाही. गाडी थांबलीसुद्धा नाही. तिच्या लेखी काही झालंच नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. परगावची गाडी दुसऱ्याच्या गावात येते, तेव्हा तिनं कसं यावं, कोणी कोणाला वाट द्यावी आणि गाडी उभी कुठं करावी, हे पूर्वी कोण ठरवायचं? शोधत गेले तर गोष्ट फार जुनी निघाली.

आज शहरातले लोक कॅराव्हॅन म्हणतात, म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला जागा, चूल, पाणी, सगळं. पण घरासकट फिरणारे लोक आपल्या मुलखाला नवे नाहीत. आपले बंजारे शेकडो वर्षं हेच करत होते. रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते, तेव्हा मीठ आणि धान्य मुलूखभर पोचवायचं काम बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केलं. बैलाच्या पाठीवर गोण्या, सोबत बायका, लेकरं, कुत्री. १६३२ साली पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्यानं लादलेले १४,००० बैल होते असं त्यानं लिहून ठेवलंय. एवढा मोठा तांडा दिवसाला चालायचा किती? सहासात मैल, म्हणजे दहाअकरा किलोमीटर. तेही उन्ह नसताना. मग गोण्या उतरवायच्या आणि बैल चरायला सोडायचे.

हा तांडा थांबायचा कुठं, ते ठरवायची रीत ऐका. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यात लिहिलंय, की तांड्याच्या पुढं बालाजीला वाहिलेला एक बैल चालायचा. त्याच्या पाठीवर कधीच ओझं टाकत नसत. त्याला लाल रेशमी झालरी, कवड्यांच्या माळा, पितळेच्या साखळ्या आणि गळ्यात घंटा. तो पुढं चालायचा आणि अख्खा तांडा त्याच्या चालीनं मागं यायचा. तो दमून जिथं बसेल, तिथं त्या दिवसाचा मुक्काम.

यात श्रद्धा होतीच, पण शहाणपणही किती होतं बघा. ज्याच्या पाठीवर ओझं नाही तोच थकला, तर ओझ्याचे बैल किती थकले असतील! म्हणजे त्याच्यापुढं कोणी पळायचं नाही. आणि घंटेचा आवाज लांबून यायचा. वाटेवरच्या माणसाला कळायचं की तांडा येतोय, लेकरं-ढोरं आवरून घ्यावीत. येणाऱ्यानं आधी वर्दी द्यायची, अशी ती चाल होती.

सगळं गोडीगुलाबीचं मात्र नव्हतं. टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच शतकात हिंदुस्थानात फिरला. अरुंद वाटेवर दहाबारा हजार बैलांचा तांडा समोरून आला, तर तो पार होईपर्यंत दोनतीन दिवस थांबावं लागे, असं तो सांगतो. आणि दोन तांडे समोरासमोर आले की आधी वाट कोणी द्यायची यावरून मारामाऱ्या व्हायच्या, रक्त सांडायचं. शेवटी मोगल बादशहानं दोन तांड्यांच्या नायकांना दरबारात बोलावलं, समजूत घातली, आणि दोघांनाही एकेक लाख रुपये आणि मोत्याचा कंठा दिला. दोघांना सारखाच मान दिला, म्हणजे आधी वाट दिली तर आपलं नाक कापलं जाईल असं कोणाला वाटायला नको.

टॅव्हर्निएनं मालगाड्यांबद्दलही लिहिलंय. दहाबारा बैल जुंपलेली एकेक गाडी आणि तिच्यासोबत चार शिपाई, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले असत आणि त्यांची चार टोकं चौघांच्या हातात. वाट खराब आली आणि गाडी एका अंगाला कलली, की पलीकडचे दोघं दोर ताणून धरायचे. गाडी जड आहे, तर माणसं तिच्यासोबत पायी चालतील, हा तेव्हाचा हिशोब होता.

आपल्या झाडीपट्टीतही खाचर, रेंगी, दमणी होत्याच. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेला गाड्यांची रांग निघायची, त्या आठवणी घराघरातल्या म्हाताऱ्या सांगतात. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा आणि रात्री आखाला कंदील. पुढून आवाज, खालून उजेड. शंकरपटात बैल वाऱ्यासारखे पळवणारा माणूसही गावात शिरताना कासरा ओढूनच यायचा.

मग वाफेची आणि तेलाची गाडी आली. तिथून गोष्ट बदलली, आणि पहिला घाव बायांवरच पडला.

आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड नावाची बाई होती. सूक्ष्मदर्शकातून किडे, झाडांची पानं बघायची, त्यांची चित्रं काढायची, पुस्तकं लिहायची. बाईला विद्यापीठात घेत नसत त्या काळात तिनं हे केलं. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी ती नातेवाइकांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीत बसली होती. वळणावर ती बाहेर फेकली गेली आणि चाकाखाली आली. यंत्राच्या गाडीखाली गेलेल्या जगातल्या पहिल्या माणसांत तिचं नाव घेतात.

इंग्लंडमध्ये त्याआधीच, १८६५ साली, एक कायदा झाला होता. यंत्राच्या गाडीनं गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैलांपेक्षा जास्त जायचं नाही. आणि गाडीच्या साठ यार्ड पुढं, म्हणजे पंचावन्न मीटरवर, एका माणसानं लाल निशाण घेऊन पायी चालायचं. आपला लाल झालरीचा बैल आठवला ना? दोघांची एकमेकांना ओळख नव्हती, पण अक्कल तीच. पुढं लोक या कायद्याला हसले. १८९६ च्या नोव्हेंबरात वेगाची मर्यादा चौदा मैलांवर गेली.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनमध्ये ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीसोबत आणि मैत्रिणीसोबत मेळाव्याला निघाली होती. क्रिस्टल पॅलेसच्या आवारात लोकांना मोटारीतून फेऱ्या मारून दाखवत होते. त्यातल्या एका मोटारीनं ब्रिजेटला उडवलं आणि ती गेली. पेट्रोलच्या गाडीनं ब्रिटनमध्ये मेलेली ती पहिली पादचारी. आपण ताशी चार मैलांनीच जात होतो, असं चालवणारा म्हणाला. चौकशीत हा अपघात ठरला. असं पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं बोलून दाखवली. त्यानंतर जगात किती माणसं रस्त्यावर गेली, ते आपल्याला ठाऊकच आहे.

मौजेसाठी चाकांवरचं घर घेऊन फिरण्याची सुरुवातही त्याच सुमारास झाली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरनं दोन घोड्यांची मोठी घरगाडी बनवून घेतली आणि ब्रिटनभर फिरला. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढं जायचा आणि मागून मोठी गाडी येतेय, अशी लोकांना वर्दी द्यायचा. मौजेला निघालेल्या त्या माणसालाही कळत होतं की आपण दुसऱ्याच्या गावातून जातोय.

आपल्याकडे मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला, मग १९३९ चा आणि आताचा १९८८ चा. पुढं चालणारा माणूस गेला, त्याच्या जागी लोखंडी पाटी आली. पाटी बोलत नाही आणि दोर ताणून धरत नाही. आणि सांभाळायची जबाबदारी हळूहळू गाडीवाल्याकडून चालणाऱ्याकडे सरकली. आता काही झालं की लोक विचारतात, बाई, तू रस्त्यावर काय करत होतीस?

आता आपल्या नवेगाव बांधाकडे येऊ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. त्यांनाच आपण कोलासूर देव म्हणून पुजतो, आणि भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतो. १९७५ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. २०२३ मध्ये बायांना पर्यटनात धंदा करता यावा म्हणून ‘आई’ धोरण आलं. म्हणजे कोहमाऱ्याला महामार्ग सोडून घरगाड्या आपल्याकडे वळतील, आणि त्यांना जागा, पाणी, जेवण द्यायचं काम उद्या आपल्याच गटाकडे येऊ शकतं. यावं, चांगलंच आहे. पण गाड्या याव्यात कशा, ते आपण आधी ठरवलं पाहिजे.

वेगाचा हिशोब साडीनं सांगते. आपली गोल साडी साडेपाच मीटर. ताशी २० किलोमीटरनं येणारी कार, चालवणाऱ्याच्या नजरेला माणूस पडल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर साधारण दीड साडीएवढी पुढं जाते. ३० नं येणारी अडीच साड्या. ६० नं येणारी जवळजवळ सात साड्या. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ही झाली साध्या कारची गोष्ट. घरगाडी जड, लांब, मागचं दिसत नाही, तिला त्याहून जास्त लागतं.

हे फक्त माणसांपुरतं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एक तरुण वाघ कारच्या धडकेनं मेला. ज्याला बघायला लोक येतात, तोच येण्याच्या घाईत गेला. पेंचच्या जंगलात महामार्गाखाली जनावरांसाठी नऊ ठिकाणी वाट काढून दिली, तर तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसले. वाट दिली की जनावरसुद्धा ती वापरतं.

मग आपण काय करायचं? उद्या गटानं मुक्कामाची जागा चालवायला घेतली, तर तांड्याची रीत परत आणायची. फोनवर जागा देतानाच सांगायचं, दिवस मावळायच्या आत या. गाडी फाटकाबाहेर थांबेल. तिथून आपली एक बाई शिट्टी आणि लाल निशाण घेऊन पायी पुढं चालेल आणि गाडी तिच्या चालीनं मागं येईल. आत यायची वाट एक आणि जायची दुसरी ठेवायची, म्हणजे गाडी मागं घ्यायची वेळच कमी येते. मागं घ्यावीच लागली, तर मागं माणूस उभा असल्याशिवाय चाक हलवू द्यायचं नाही. पाण्याचा नळ आणि लेकरांची खेळायची जागा गाड्यांच्या वाटेपलीकडे नको, अलीकडे हवी.

आणि बाहेरच्या रस्त्याचं? मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमात, लोकांच्या सुरक्षेसाठी एखाद्या रस्त्यावर वेगमर्यादा कमी करायचा अधिकार शासनाला दिलेला आहे. ती मागणी आपण करू शकतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथं ठराव घ्या. शाळा, पाणवठा, मोळ्यांची वाट कुठं आहे, ते ठरावात लिहा. मनानं मातीचा गतिरोधक मात्र टाकू नका. रात्री तो दिसत नाही आणि दुचाकीवर मागं बसलेली बाईच आधी पडते. कोणाला लागलंच, तर १०८ ला फोन करा आणि मदतीला धावा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नका.

त्या संध्याकाळी मी नालीकाठी बसून गाडीचे लाल दिवे लांब जाताना बघत होते. गाडीवाल्याचा राग आला होता, पण आता वाटतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इथं मोळीवाल्या बाया चालतात. सांगायचं काम आता आपलं. पुढच्या महिला सभेला हा विषय घ्याल ना? काय ठरलं ते आम्हाला कळवा, इथंच वाचून दाखवू.

येते मी. राम राम.