बंबामागचे मैदान

१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. याच दिवशी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांवर जवान रांगेत उभे राहून आपल्या हुतात्मा सहकाऱ्यांना मानवंदना देतात. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. या दिवसापासून देशात अग्निसुरक्षा सप्ताह पाळला जातो.

जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळाही होता. दुपारी धूर दिसला. पाण्याचे फवारे सुरू झाले. जहाज जागच्या जागी बुडवावे, बाहेर समुद्रात न्यावे, की गोदीतच आग विझवावी, यावर मतभेद झाले. जहाजाचा कप्तान होता, लष्कराचे अधिकारी होते, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. अधिकार थोडाथोडा सगळ्यांकडे होता, पण अखेरचा शब्द कोणाचा हे ठरलेले नव्हते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा.

मला या घटनेत नेहमी एक प्रश्न दिसतो. जी गोष्ट अनेकांची असते, तिची जबाबदारी नक्की कोणाची? आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. विषय आहे अग्निशमन दलांच्या सामायिक प्रशिक्षण संस्थांचा. रस्त्यावरून जाणारा बंब आपल्याला दिसतो, पण त्याच्यावरची माणसे जिथे तयार होतात ते मैदान सहसा दिसत नाही.

प्रत्येक शहराने आपापल्या जवानांना शिकवले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९०४ सालीच दिले आहे. तिथे फेब्रुवारीत मोठी आग लागली. वॉशिंग्टन आणि आजूबाजूच्या शहरांतून बंब मदतीला धावले, काही तर रेल्वेने आले. पण त्यांच्या होजपाइपची जोडणी बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या नळांना बसेना. पाणी होते, माणसे होती, आटे जुळत नव्हते. आग तीसेक तास धुमसली आणि दीड हजारांवर इमारती भस्मसात झाल्या. साधनांचे आटे जुळावे लागतात, तसे माणसांचेही जुळावे लागतात. ‘पाणी सोडा’, ‘मागे फिरा’ या हुकमांचा अर्थ सगळ्या दलांत एकच असावा लागतो. हे साधायचे तर निदान अधिकाऱ्यांनी तरी एका मैदानात घाम गाळलेला असला पाहिजे.

स्वतंत्र भारतात हे काम केंद्रीय गृह मंत्रालयाने हाती घेतले. १९५६ साली उत्तर प्रदेशातल्या रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले. त्याच १९५७ साली नागपुरातच आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही उभी राहिली. १९६८ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. चारही दिशांच्या रेल्वेगाड्या जिथे एकमेकींना ओलांडतात, त्या गावात देशभरचे अधिकारी शिकायला येऊ लागले. पुढे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही इथे मिळू लागली.

इथेच सामायिकपणाची गाठ बसते. महाविद्यालय केंद्राचे, पण अग्निशमन सेवा राज्यांच्या अखत्यारीतली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर ती नगरपालिकांच्या कामांच्या यादीत गेली. म्हणजे मैदान एकाचे, विद्यार्थी दुसऱ्याचे आणि त्यांचा पगार तिसऱ्याच्या तिजोरीतून. आधीच माणसे कमी असलेली नगरपालिका एखाद्या अधिकाऱ्याला काही महिन्यांसाठी सोडते, तेव्हा तिच्या गावात त्याची जागा रिकामी राहते. उपयोग पुढे होणार असतो, अडचण मात्र आज होते.

शिवाय असे मैदान एकदा बांधले की संपले, असे होत नाही. शाळेचा वर्ग वापरून फारसा झिजत नाही. इथली इमारत मात्र मुद्दाम जाळायची असते. तापलेल्या भिंतीवर थंड पाणी पडले की तडे जातात, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, आतली सळई उघडी पडते. धुराच्या खोलीतून अडकलेल्याला बाहेर काढण्याची वाट दर सरावाआधी तपासावी लागते. सरावाच्या मनोऱ्यावर शिडी टेकते ती कड झिजते. श्वसनयंत्राचे मुखवटे धुवावे लागतात, पंप चालू ठेवावे लागतात, ओले होज वाळवावे लागतात. दहा दले एकच साहित्य वापरतात तेव्हा नोंदवही नसेल, तर बिघाड कोणाच्या हातून झाला हेही कळत नाही. उद्घाटनाची कोनशिला बसवायला पाहुणे मिळतात, गळका व्हॉल्व्ह बदलण्याचा समारंभ होत नाही. पण तोच व्हॉल्व्ह शिकाऊ जवानाच्या जिवाशी निगडित असतो.

खर्च कोणी करायचा, या प्रश्नाची इंग्लंडमधली गोष्ट बोधप्रद आहे. मोर्टन-इन-मार्श या गावी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या जागेवर १९६८ साली अग्निशमन दलांसाठी तांत्रिक महाविद्यालय सुरू झाले. धावपट्ट्या होत्याच. तिथे सरावासाठी इमारती आणि काँक्रीटचे चक्क एक जहाजही उभे राहिले. १९९२ पासून या संस्थेने स्वतःच्या कमाईवर चालावे, असे ठरले. अशा व्यवस्थेत संस्थेचे भवितव्य गिऱ्हाइकांच्या खिशावर अवलंबून राहते. स्थानिक दलांची काटकसर सुरू झाली की पहिली कात्री प्रशिक्षणाला लागते, आणि मैदानाचा खर्च मात्र तेवढाच राहतो. अखेर २०१३ साली सरकारने हे महाविद्यालय एका खासगी कंपनीला विकून टाकले. ते चालू राहिले, पण ‘हे आपल्या सर्वांचे’ ही मूळ कल्पना मागे पडली.

आपल्याकडे निराळी पावले पडली. २०१८ साली नागपूरचे नागरी संरक्षण महाविद्यालय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाले. २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण नवी वास्तू आणि नवा बंब डोळ्यांत भरतो. त्यानंतर वर्षानुवर्षे लागणारा डागडुजीचा आणि प्रशिक्षकांचा खर्च कोण उचलणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले पाहिजे.

हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने आपले चार अधिकारी गमावले. अनुभवी माणसांवरही अशी वेळ येते, मग अर्धवट शिकलेल्यांचे काय?

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक जाहीर होते, तेव्हा नव्या बंबाच्या किमतीशेजारी आणखी दोन आकडे शोधा. यंदा किती जवान प्रशिक्षणाला पाठवले, आणि ते जिथे शिकतात त्या जागेच्या देखभालीला आपल्या गावाने काय दिले? हे आकडे सापडले नाहीत, तर नगरसेवकाला विचारा. गोदीतल्या त्या दुपारी निर्णय कोणी घ्यायचा हे ठरेपर्यंत वेळ निघून गेली होती. आज ते ठरवायला आपल्या हाती वेळ आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)